विसरलात ती वाक्ये, विषय नव्हे

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातली असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि आता पुण्यात विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्युत वाहनांच्या बॅटरीवरील सेमिनारसाठी आठ दिवस इंग्रजी भाषण तोंडपाठ केले होते, तरी साठ मुलांसमोर दोन स्लाइडनंतर काहीच आठवेना आणि मी ‘सॉरी’ म्हणून खाली बसले. त्याच रात्री वसतिगृहात मैत्रिणीला मात्र सगळा विषय मराठीतून नीट समजावून सांगितला. पुढच्या वर्षी प्लेसमेंटला ग्रुप डिस्कशन असते. त्याला बसण्यापेक्षा स्पर्धा परीक्षांकडे वळावे का?

उत्तर : तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आला असला, तरी त्याच्या उत्तराचा धागा मला वसतिगृहाच्या उल्लेखात सापडला. जो विषय वर्गात दोन स्लाइडच्या पुढे सरकला नाही, तोच काही तासांनी तुम्ही मैत्रिणीला न अडखळता सांगितलात. म्हणजे विषय तुमच्या डोक्यात जागेवरच होता. तुटली ती पाठ केलेल्या वाक्यांची साखळी. तोंडपाठ मजकुरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचे बोट धरून येते, त्यामुळे एक निसटले की पुढची सगळीच हरवतात. समजून बोलणारा अशा वेळी आडवाटेने पुढे जाऊ शकतो, पाठ करून बोलणाऱ्याला ती वाट नसते.

हा दोष एकट्या तुमचा नाही. ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ अशी सुरुवात करून, शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण ठरलेल्या हातवाऱ्यांसह म्हणून दाखवायचे, यालाच आपल्या बहुतेक शाळांनी वक्तृत्व मानले. त्या स्पर्धांत बक्षिसे मिळवलेली मुलेही महाविद्यालयात एखाद्या अनपेक्षित प्रश्नासमोर गप्प होताना मी पाहिली आहेत.

हात थरथरणे, तोंडाला कोरड पडणे आणि छाती धडधडणे याचा अर्थ तुमच्यात काही कमी आहे असा नाही. अनेक डोळे आपल्यावर रोखलेले आहेत हे जाणवताच शरीर त्याला धोका समजते आणि ॲड्रेनलिन रक्तात मिसळते. सरावलेल्या वक्त्यांनाही हे होते, फक्त ते त्याला ओळखून असतात. दुसरी गोष्ट अशी की, आपली घालमेल सगळ्यांना दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटत असते, प्रत्यक्षात श्रोत्यांना ती त्या मानाने फारच कमी दिसते. सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हे वास्तव ज्यांना आधी समजावून सांगितले होते त्या विद्यार्थ्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. तेव्हा पुढच्या वेळी छाती धडधडू लागली की ‘हे फक्त मला ऐकू येते आहे’ एवढे स्वतःला सांगावे.

महात्मा गांधींचे उदाहरण या संदर्भात नेहमीच दिले जाते. मी ते थोड्या वेगळ्या कारणासाठी देतो. विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये शाकाहाराच्या प्रचारासाठी भरलेल्या एका सभेत त्यांच्या हातात लिहिलेले भाषण होते, जेमतेम एक कागदभर, तरीही ते त्यांना वाचता आले नाही आणि सोबत्याला वाचावे लागले. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर एकही प्रश्न न सुचल्याने त्यांनी तीस रुपयांचे मानधन परत केले. मात्र १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, तेथील भारतीय व्यापाऱ्यांसमोर व्यवहारातील सचोटीबद्दल ते बोलू शकले. हातात कागद असण्यापेक्षा समोरच्या माणसांना काहीतरी सांगायचे असणे त्यांना अधिक उपयोगी पडले, असे मी त्यातून समजतो.

आता तुमच्या सेमिनारकडे येऊ. त्याच विषयाचे पाच मुद्दे एका कागदावर फक्त शब्दांत लिहा, वाक्ये लिहू नका. प्रत्येक मुद्दा आधी मराठीत, गावी आईला सांगावा तसा, मोठ्याने सांगा. बॅटरीतील सेल एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि त्यांतील एक कमजोर असली तर सगळ्या बॅटरीची क्षमता तिच्यामुळे मर्यादित होते, हे सांगताना तुम्हाला बैलगाडी आठवायला हरकत नाही. जोडीतला एक बैल दमला की गाडी त्याच्याच चालीने चालते. असा दाखला एकदा सापडला की पुढे ‘म्हणून सेल समतोल ठेवणारी यंत्रणा लागते’ हे वाक्य आपोआप येते, मग ते कोणत्याही भाषेत असो. त्यानंतर तोच मुद्दा इंग्रजीत सांगा, आणि दर वेळी मुद्दाम वेगळ्या शब्दांत सांगा, म्हणजे पाठांतराची जुनी सवय पुन्हा आत शिरणार नाही. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य मात्र खुशाल पाठ करा, कारण भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या मिनिटात.

पत्रावरून असे दिसते की तुम्ही इंग्रजीची भीती आणि लोकांसमोर उभे राहण्याची भीती एकत्र धरली आहे. दोन्ही एकाच दिवशी जिंकण्याचा प्रयत्न केला, तर त्या एकमेकींना बळ देतात. म्हणून आधी मराठीत पाचजणांसमोर, मग मराठीतच वीसजणांसमोर, आणि नंतर इंग्रजीत पुन्हा पाचजणांसमोर असा क्रम ठेवा. लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या ‘टोस्टमास्टर्स’ या संस्थेचे पुण्यात अनेक क्लब आहेत. तेथे साधारणपणे पाच ते सात मिनिटांचे तयार भाषण असते, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलण्याचा भागही असतो आणि प्रत्येक भाषणानंतर कोणीतरी नेमका अभिप्राय देते. पहिल्या सभांना पाहुणी म्हणून नुसते बसून आलात तरी चालेल.

ग्रुप डिस्कशनची भीती मला त्या मानाने कमी वाटते. तेथे एकट्याने उभे राहायचे नसते, आणि दुसऱ्याचा मुद्दा नीट ऐकून त्यात एक भर घालणाऱ्याची दखल मोठ्याने बोलणाऱ्याइतकीच घेतली जाते.

स्पर्धा परीक्षा आवडीने द्यायच्या असतील तर अवश्य द्या. पण त्यांत बोलावे लागत नाही या समजुतीने देऊ नका. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेनंतर मुलाखत असते आणि निवड झाल्यावर अधिकाऱ्याला रोजच लोकांसमोर बोलावे लागते. विद्युत अभियंत्याचीही त्यातून सुटका नाही. साइटवर कामाला सुरुवात करण्यापूर्वी वायरमन आणि हेल्पर यांना सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगण्याची ‘टूलबॉक्स टॉक’ची जबाबदारी बहुधा कनिष्ठ अभियंत्यावरच येते. ते बोलणे मराठी-हिंदीत असते आणि तेथे तुमची भाषा तुमच्या बाजूने असेल.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. वर्गात हजेरीला ‘यस सर’ म्हणणे, मेसमध्ये चारचौघांत जेवणे किंवा फोन उचलणे याचीही धास्ती वाटत असेल आणि ती काही महिने टिकून असेल, तर हा केवळ सरावाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. कोणी मित्राने धडधड थांबवणारी गोळी सुचवली, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दमा असलेल्यांना तशा काही गोळ्या धोकादायक ठरू शकतात.

या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या सेमिनार गाइडना भेटून, गुणांचा विषय न काढता, ‘सर, मला हा सेमिनार दहा मुलांसमोर पुन्हा द्यायचा आहे, शनिवारी अर्धा तास मिळेल का?’ असे विचारा. ही विनंती मराठीत केली तरी चालेल. त्या दहाजणांत वसतिगृहातल्या त्या मैत्रिणीला पहिल्या बाकावर बसवा, आणि बोलायला सुरुवात तिच्याकडे पाहून करा.