ठाऊक सगळ्यांना, बोलत कोणी नाही

प्रश्न : आमच्या शिगमो (गोव्यातला शिमगोत्सव) चित्ररथाची उणीव दरवर्षी मिरवणुकीतच उघडी पडते. मग सगळे म्हणतात, "ठाऊक होतं!" काय करावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मंडळाच्या अध्यक्षांसमोर बोलायचं कोणी, हीच अडचण. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लेखातून मांडलेली 'प्री-मॉर्टेम' पद्धत वापरा. सांगाड्याचं वेल्डिंग सुरू होण्याआधी बसा. "चित्ररथ रस्त्यात बंद पडला" असं धरून प्रत्येकानं १० मिनिटं, नाव न घालता कारणं लिहायची. 'पडेल का?' विचारलंत तर नुसत्या माना डोलतील. 'पडला' म्हटलं की पेन चालतं. चिठ्ठ्या अध्यक्षांनी वाचू नयेत, सर्वांत धाकट्या पोराला द्या. राखीव जनरेटर नाही, उंची तारांना लागेल, अशी कारणं पुन्हापुन्हा निघतील. प्रत्येक कारणापुढे जबाबदाराचं नाव आणि तारीख लिहा. उंची मात्र टेपनंच मोजा, वर उभ्या कलाकाराच्या मुकुटासकट.