आल्प्समधील नदीखोऱ्यात मोटारींचा त्रास नसलेला, सामानासह करता येण्याजोगा सायकलमार्ग कोणता?

उत्तर इटलीतील आदिजे नदीच्या खोऱ्यातला, रेशेन खिंड ते मेरानो हा सुमारे 80 किलोमीटरचा मार्ग निवडावा, कारण बहुतांश अंतर तो मोटाररस्त्यापासून वेगळा, नदीकाठाने आणि सफरचंदांच्या बागांमधून जातो. खिंड सुमारे 1,500 मीटर उंचीवर, तर मेरानो सव्वातीनशे मीटरवर असल्याने लादलेली सायकलही या दिशेने फारशी दमवत नाही. सुरुवातीलाच जलाशयाच्या पाण्यातून वर आलेला ग्राऊन या बुडालेल्या गावाच्या जुन्या चर्चचा मनोरा दिसतो, तिथे अवश्य थांबावे. परतताना मेरानोहून याच मार्गावरच्या माल्स गावापर्यंत रेल्वे आहे. मात्र मार्ग पूर्णपणे वाहनमुक्त नाही: गावांतले रस्ते आणि शेतवाटा सामायिक असून, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत वळणावर अचानक ट्रॅक्टर समोर येऊ शकतो, म्हणून उतारावर बोटे ब्रेकवरच ठेवावीत.