आईबाप फडात, लेकरं गावात

दसरा-दिवाळी सरली की बीड, जालन्याकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. यंदा या टोळ्यांतल्या आईबापांकडून आणि गावी राहिलेल्या आजीकडून आलेले प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर, जातो. पाच वर्षांचा पोरगा आजीजवळ असतो. रडारड नको म्हणून तो झोपेत असताना गाडीत बसलो. आता तो रात्री दचकून उठतो म्हणे.

आईनं मागं थांबावं, असं सांगणं सोपं आहे. पण उचल, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम, जोडीची असते, त्यामुळे तो सल्ला मी देत नाही. झोपेत सोडून जाणं मात्र थांबवा. आपण झोपलो की आई नाहीशी होते, एवढंच त्याला कळलं. मग तो झोपेला भिणारच. पुढच्या खेपेला आठवडाभर आधीपासून सांगा : कुठं जातोय, फडाजवळची कोपी (राहायची झोपडी) कशी असते, फोन कधी करणार. पक्की तारीख देऊ नका. पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे मुकादमालाही ठाऊक नसतं. 'ऊस संपला की, पाडव्याच्या आगंमागं' एवढं पुरे. निघताना रडेल, रडू द्या. आईचं एक नेसतं लुगडं न धुता त्याच्या अंथरुणात ठेवा. आत्ता फोनवर 'न सांगता गेलो, चुकलं' असंही म्हणा. लेकरांना ते समजतं.

प्रश्न : नात अकरा वर्षांची. पाणी, भाकरी, धाकट्या भावाचं सगळं तीच बघते. कधी रडत नाही. शहाणी झाली म्हणायचं का?

आजी, रडणाऱ्या पोरापेक्षा मला हिची काळजी जास्त वाटते. कौतुक ऐकून ऐकून तिला थकायचीही चोरी झाली असेल. रोज तासभर तिला भावापासून मोकळं करा, खेळायला पाठवा. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह शाळेत सुरू आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा; दोन वेळच्या जेवणाचा भार तरी उतरेल. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. 'पोरीची जोखीम नको, उजवून टाकू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे; 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो.

प्रश्न : फोनवर मुलगा नुसतं 'हं, हं' करतो. रागावलाय का?

असेलही. पण 'जेवलास का, अभ्यास केलास का' याला तो दुसरं काय म्हणणार? शेळी व्याली का, ते विचारा.