टायगर टँकचं मॉडेल ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे हे कसं ओळखायचं?

आधी मॉडेलवरचा नंबर बघा आणि तो टँक साधारण कधी बनला ते शोधा. टायगर-१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन अवजड टँक; त्याचं उत्पादन ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ असं चाललं आणि त्या दोन वर्षांत त्याचं रूप सतत बदलत गेलं.

उदाहरणार्थ टायगर १३१. ब्रिटिशांनी तो एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला, आज तो इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक संग्रहालयात आहे. कमांडर ज्यातून बाहेर बघतो तो त्याचा वरचा घुमट उंच, डब्यासारखा, चाकांना रबर. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचा झिमरिट लेप १९४३ च्या उत्तरार्धात आला, पोलादी चाकं १९४४ च्या सुरुवातीला. म्हणजे १३१ नंबर आणि अंगावर झिमरिटच्या रेघा असतील, तर मॉडेल कितीही देखणं असो, घेऊ नका. चांगल्या मॉडेलवर तोफेखाली लागलेल्या गोळ्याचा ओरखडासुद्धा दाखवलेला असतो, आणि असं काम बघितलं की खरंच आनंद होतो!

आकार म्हणाल तर १/३५ घ्या, म्हणजे खऱ्या टँकच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. तोफेसकट सुमारे २४ सेंटीमीटर भरतो. १/७२ मध्ये झिमरिट बहुतेकदा जाड वाटतो. रंगाबाबत एवढंच, फेब्रुवारी १९४३ पासून मूळ रंग गडद पिवळा झाला, त्याआधी युरोपात राखाडी; आफ्रिकेतल्या टँकांना मात्र वाळवंटी छटा असायच्या.