बरोक कारंज्यांच्या रेखाटनांतले दाढीवाले देव ओळखायचे कसे?

तुमची अडचण अशी की बरोक (सतराव्या शतकातली भपकेदार युरोपीय शैली) कारंज्यांच्या रेखाटनांत सगळेच देव दाढीवाले नि उघडेबंब, मग कोण कोणता हे कळायचं कसं. मीही बराच काळ सगळ्यांना सरसकट नेपच्यूनच म्हणत होतो.

आधी कमरेखाली बघा. दोन धड पाय आणि हातात त्रिशूळ असेल तर नेपच्यून, म्हणजे रोमन समुद्रदेव. पायांच्या जागी माशाची शेपटी आणि तोंडाला शंख, तर त्याचा मुलगा ट्रायटन. ऐसपैस रेललेला, शेजारी कलंडलेला घडा किंवा हातात वल्हं, तर नदीदेव. डॉल्फिन खऱ्यासारखा शोधू नका. खवले आणि आ वासलेलं तोंड असलेला अक्राळविक्राळ मासा दिसला की तोच.

मग पाणी निघतं कुठून ते बघा, कारण देवाला तिथे कामाला लावलेलं असतं. रोमच्या पियाझा (चौक) बार्बेरिनीतलं शिल्पकार बर्निनीचं कारंजं (१६४२-४३) घ्या. चार डॉल्फिन डोकी खाली, शेपट्या वर. शेपट्यांवर उघडा शिंपला, त्यात बसलेला ट्रायटन मान मागे टाकून शंख फुंकतोय आणि शंखातून पाणी उडतंय. रोमन पुराणकथेत महापूर ओसरावा म्हणून तो असाच शंख फुंकतो. शेपट्यांच्या मधोमध मधमाश्याही आहेत. त्या बार्बेरिनी घराण्याच्या, म्हणजे कारंजं करवून घेणाऱ्या पोप आठव्या अर्बनच्या. खर्च कुणाचा, हे कुणी विसरायला नको!

पियाझा नवोनातल्या चार नद्यांच्या कारंज्यात (१६५१) आपली गंगाही आहे. मी तिथे बाई शोधत होतो, निघाला वल्हं धरलेला दाढीवाला. रोमन रिवाजात मोठ्या नद्या पुरुषच. नाईलचं डोकं कापडाने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपात कुणाला माहीत नव्हता. समोरचं वास्तुकार बोरोमिनीचं चर्च बघवत नाही म्हणून तोंड झाकलंय, ही गोष्ट मस्त आहे, पण थाप. त्या चर्चचं काम सुरूच झालं १६५२ मध्ये.

हे नियम दर वेळी चालतील असं नाही. त्याच चौकाच्या दक्षिण टोकाला बर्निनीने आधी डॉल्फिनांनी उचललेला मोठा शिंपला बसवला होता. तो चौकाच्या मानाने किरकोळ दिसला, म्हणून त्याच्या जागी डॉल्फिनशी झोंबणारा दोन पायांचा पुरुष आला. ना त्रिशूळ, ना शेपटी. लोक त्याला मूर (उत्तर आफ्रिकेतला माणूस) म्हणतात. उतरवलेला शिंपला तेव्हाचा पोप दहावा इनोसंट याच्या वहिनीला मिळाला.