जुन्या सागवानी जिन्याला कोणते पॉलिश करावे?

प्रश्न: कोकणातील घराच्या नूतनीकरणात सागवानी जिन्याला आणि माळ्यावरील फळ्यांच्या जमिनीला पुन्हा लाखेचे पॉलिश करावे की पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा टणक थर देणारे पॉलिश)?

उत्तर: दोन्हींसाठी पीयूच निवडावे. लाखेची झळाळी देखणी खरी, पण तिच्यावर पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि वर्दळीने ती लवकर झिजते. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, म्हणून काम दिवाळीनंतरच काढावे. जुना थर खरवडून 80, 120 आणि शेवटी 180 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, कारण आडवा ओरखडा पॉलिशखाली अधिकच उठून दिसतो. सागाच्या अंगच्या तेलावर थर नीट धरत नाही. त्यामुळे आधी थिनरने पुसून घ्यावे. एकाआड एक पायरी केल्यास ये-जा थांबत नाही.