बातम्यांच्या संकेतस्थळाचा प्रकल्प: आधी लोगो करावा की आधी पान?

तुमचा प्रश्न मी असा समजते. माध्यम अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून तुम्हाला एका काल्पनिक बातम्यांच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ, बातमीचे एक आतले पान आणि लोगो करायचा आहे. सोबत घेतलेल्या निर्णयांची कारणे सांगणारा अहवालही द्यायचा आहे. पाच आठवड्यांपैकी तीन लोगोतच गेले. तीन पर्याय तयार आहेत, प्रत्येकाला त्यातला वेगळा आवडतो, आणि पान मात्र कोरे आहे. आता लोगो पक्का करावा की पानाला हात घालावा, आणि तपासणारे नेमके काय पाहतात, हे तुम्हाला हवे आहे.

मी काही वर्षे बातम्यांच्या पानांची मांडणी केली आहे, आधी कागदावर आणि नंतर पडद्यावर. विद्यार्थ्यांचे असे प्रकल्पही तपासले आहेत. त्या आधारावर माझे उत्तर ठाम आहे: तिन्ही लोगो आज बाजूला ठेवा आणि बातम्या लिहायला बसा. बातम्यांचे पान म्हणजे कोणती गोष्ट आज सर्वांत महत्त्वाची आहे, याविषयी संपादकाने घेतलेला निर्णय. तो निर्णय झालेला नसेल तर रंग, चौकटी आणि अक्षरे यांना धरून उभे राहायला आधारच मिळत नाही. तुमचे तीन लोगो प्रत्येकाला वेगवेगळे का आवडतात, याचेही कारण हेच आहे. ते कोणत्या पानावर आणि कोणत्या वाचकासमोर जाणार हे ठरलेले नसल्यामुळे पाहणारा माणूस स्वतःच्या आवडीपलीकडे दुसरा निकष लावू शकत नाही.

सुरुवात वाचकापासून करा, पण 'सर्वसामान्य तरुण वाचक' असे लिहून थांबू नका. तो वाचक पान कधी उघडतो, त्याच्या हातात फोन आहे की समोर मोठा पडदा, त्याच्यापाशी दोन मिनिटे आहेत की वीस, आणि हीच बातमी त्याला आणखी कुठे मिळाली असती, हे चार-पाच वाक्यांत लिहून काढा. मग त्या वाचकासाठी एकाच दिवसाच्या बारा ते पंधरा बातम्यांचे खरेखुरे मथळे लिहा. येथे भरीचा निरर्थक मजकूर अजिबात वापरू नका, कारण तो नेहमी जागेत नेमका बसतो आणि खरा मथळा बसत नाही. कुठल्या मथळ्यात चार शब्द असतात, कुठल्यात चौदा. एखादी बातमी महत्त्वाची असते पण तिला छायाचित्र नसते. एखाद्या छायाचित्रात चेहरा अगदी कडेला असतो. मांडणीचे खरे प्रश्न या अडचणींतूनच उभे राहतात, आणि ते तुम्ही कसे सोडवले हेच अहवालात लिहिण्याजोगे असते.

मथळे हाती आले की त्यांचा क्रम लावा: एक मुख्य बातमी, दोन किंवा तीन दुय्यम, आणि उरलेल्या यादीत. हा क्रम कागदावर पेन्सिलीने काढा. वृत्तपत्राच्या कचेरीत पानाची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, अशीच काढली जात असे, आणि संगणकावर थेट चौकटी ओढण्यापेक्षा मला आजही ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण कागदावर सजावट करता येत नाही, फक्त निर्णय घेता येतो. दोन डमी काढा, पहिली फोनच्या पडद्याची आणि दुसरी रुंद पडद्याची. हा क्रम उलटा करू नका. रुंद पडद्यावर तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवून 'सगळ्याच महत्त्वाच्या' असे म्हणता येते; फोनवर त्या एकाखाली एकच येतात आणि कोणती वर, हे तुम्हाला सांगावेच लागते. पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० साली नाव देऊन मांडली, तेव्हापासून हा प्रश्न मुख्यतः तांत्रिक समजला गेला. बातम्यांच्या बाबतीत मी तो संपादकीय मानते. बाजूच्या स्तंभातला मजकूर फोनवर पानाच्या तळाशी ढकलला जात असेल, तर तो तळाशी जाण्याच्याच योग्यतेचा आहे का, हे तुम्ही ठरवायचे आहे, सॉफ्टवेअरने नव्हे.

मुख्य बातमी मुख्य आहे हे दिसले पाहिजे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या पानांवर मुख्य मथळा दुय्यम मथळ्यापेक्षा जेमतेम मोठा असतो, म्हणून पान सपाट वाटते आणि नजर कुठेच ठरत नाही. आकारात स्पष्ट फरक ठेवा. मुख्य मथळा दुय्यमच्या दीडपट तरी असू द्या. पान हाताच्या अंतरावर धरून डोळे अर्धवट मिटून पाहा. अक्षरे वाचता येत नसतानाही पहिली, दुसरी आणि तिसरी बातमी ओळखता आली, तर तुमचा क्रम लागला. संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ साली वाचकांच्या नजरेच्या मागोव्यावरून दाखवले होते की मजकुराचे पान लोक बहुधा वरून आडवे, मग थोडे खाली येऊन आडवे, आणि त्यानंतर डाव्या कडेने खाली असे चाळतात. म्हणून मथळ्याचे पहिले दोन-तीन शब्द निवडताना फार विचार करा. बातमीचा विषय वाक्याच्या शेवटी दडला असेल, तर चाळणारा वाचक तिथवर पोहोचतच नाही.

अक्षरांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे चुका सर्वाधिक होतात. एका पानावर दोन टंक (फॉन्ट) पुरेत, एक मथळ्यांना आणि एक मजकुराला. टंक ज्या माध्यमासाठी घडवला त्याचा ठसा त्यावर राहतो. 'टाइम्स न्यू रोमन' हा लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकासाठी घडवला गेला आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यात प्रथम वापरला गेला. तो कमी जागेत अधिक मजकूर बसवणारा, छापील स्तंभांचा टंक आहे. टंककार मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेला 'जॉर्जिया' मात्र पडद्यासाठीच घडवलेला आहे, म्हणून लहान आकारातही त्याची अक्षरे मोकळी दिसतात. तुमचे संकेतस्थळ मराठीत असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात; रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर जसेच्या तसे ठेवले तर दोन ओळींच्या मथळ्यात वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. हे अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.६ पटीपासून सुरू करून डोळ्यांनी ठरवा. 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाची येतात का, तेही तपासा. अनेक देवनागरी टंकांत मूळ वळण हिंदीचे असते आणि मराठी वळण आत साठवलेले असते. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद पानाच्या कोडमध्ये केली की ते आपोआप येते. वाचकाला हे शब्दांत सांगता आले नाही तरी पान परके वाटते, एवढे त्याला नक्की जाणवते.

आतल्या पानाला फार वेळ देण्याची गरज नाही, पण त्यातले काही घटक गाळू नका: बातमीदाराचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि वेळ, छायाचित्राखालची ओळ आणि ते कोणी काढले याचा उल्लेख. दुरुस्ती केली असेल तर ती कुठे आणि कशी सांगणार, याची जागाही ठरवा. मत आणि बातमी दिसायला वेगळ्या असाव्यात, आणि जाहिरातीवर 'जाहिरात' असे लिहिलेले असावे. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, म्हणजे ती उशिरा उघडली तरी वाचत असलेली ओळ खाली सरकणार नाही. शक्य तितकी छायाचित्रे स्वतः काढा. मोठ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उचललेले उत्तम छायाचित्र आणि तुम्ही काढलेले साधे छायाचित्र यांत तपासताना मी नेहमी दुसऱ्याला अधिक श्रेय दिले आहे.

आता लोगो. बातम्यांच्या संस्थेचा लोगो हा बहुधा नीट लिहिलेले नावच असतो, आणि प्रकल्पात पृथ्वीचा गोल, लेखणी, मायक्रोफोन किंवा लहरी काढण्याचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. ही चिन्हे 'आम्ही बातम्या देतो' एवढेच सांगतात, आणि ते तर पान उघडताच कळलेले असते. 'सीएनएन'चा १९८० सालचा लोगो पाहा: तीन अक्षरे आणि त्यांच्यातून न तुटता जाणारी एक रेषा. तो आजही मूळ रूपात ओळखू येतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या नावापुढचा पूर्णविराम १९६७ साली काढला, पण जुन्या वळणाची अक्षरे ठेवली, आणि फोनवरच्या लहान चौकोनात आज त्याच वळणाचे एकटे 'टी' अक्षर पुरेसे ठरते. 'फायनान्शियल टाइम्स' १८९३ पासून फिकट गुलाबी कागदावर छापले जाते आणि त्यांच्या संकेतस्थळाची पार्श्वभूमीही तोच रंग जपते. तिथे ओळख पटवण्याचे निम्मे काम लोगोऐवजी कागदाच्या रंगाने केले आहे. तुमच्या अहवालासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण मात्र 'बीबीसी'चे आहे. १९९७ पर्यंत त्यांची अक्षरे तिरक्या चौकटींत होती आणि खाली तीन रंगांच्या पट्ट्या होत्या. पडद्यावर तिरप्या कडा दातेरी दिसत आणि रंगांमुळे छपाईचा खर्च वाढे. डिझायनर मार्टिन लँबी-नेर्न यांनी चौकटी सरळ केल्या, रंग काढले आणि 'गिल सॅन्स' टंक वापरला. २०२१ साली त्या टंकाच्या जागी संस्थेचा स्वतःचा 'रीथ' टंक आला, तरी तीन चौकोन कायम राहिले. माध्यमाच्या गरजेतून लोगो कसा बदलतो, हे याहून स्वच्छपणे क्वचितच दाखवता येते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका लहान संस्थेसाठी लोगो करताना मी चार रंग, बारीक रेषांचे वर्तुळ आणि त्याभोवती वळणारे नाव अशी रचना केली होती. मोठ्या कागदावर सर्वांनी ती मान्य केली. संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा ब्राउझरच्या टॅबवरच्या सोळा बाय सोळा पिक्सेलच्या जागेत तिचा एक करडा ठिपका उरला होता, आणि आम्हाला दोन दिवसांत सगळे नव्याने करावे लागले. तेव्हापासून मी लोगो लहानापासून मोठ्याकडे करते. आधी सोळा पिक्सेलमध्ये काय टिकते ते पाहायचे, मग फोनच्या पानाच्या माथ्यावर, आणि शेवटी रुंद पडद्यावर. रंग शेवटी भरायचा. केवळ काळ्या रंगात आणि काळ्यावर पांढऱ्यात जो उभा राहत नाही त्याला रंग वाचवू शकत नाही. देवनागरी नाव असेल तर शिरोरेषा सगळ्या अक्षरांना आयतीच बांधून ठेवते, आणि ती कुठे तोडायची हा एकच निर्णयसुद्धा लोगोला पुरेसा होऊ शकतो. काम व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार साठवणाऱ्या फाइलमध्ये करा, म्हणजे आकार बदलला तरी कडा फाटणार नाहीत.

रंगांबाबत एक मोजमाप वापरा, कारण येथे मत पुरेसे नसते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा ३:१ असावा. बातम्यांच्या पानावर सर्रास वापरला जाणारा शुद्ध लाल रंग पांढऱ्यावर सुमारे ४:१ एवढाच फरक देतो, म्हणजे 'ताजी बातमी' ही लहान अक्षरांतली खूण निकषात बसत नाही. लाल थोडा गडद केला की बसते. तारीख आणि बातमीदाराचे नाव फिकट करड्यात लिहिण्याची सवयही याच मोजमापाने तपासा. विभागांना रंग द्यायचे असतील तर 'द गार्डियन'ची पद्धत अभ्यासा: बातम्या लाल, मते नारिंगी, क्रीडा निळा, संस्कृती तपकिरी. तिथे रंगाबरोबर विभागाचे नावही लिहिलेले असते, आणि ते आवश्यक आहे, कारण लाल-हिरव्यातला फरक ओळखू न शकणारे वाचक बरेच असतात.

तपासणारे काय पाहतात, हा प्रश्न उरतो. मी स्वतः पान किती देखणे आहे हे शेवटी पाहत असे. आधी पाहत असे की अहवालातले कारण पानावर दिसते का. 'विश्वासार्ह वाटावे म्हणून निळा रंग निवडला' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचले आहे की त्याला काही वजन उरलेले नाही. 'मथळा दोन ओळींत जात होता, म्हणून छायाचित्र खाली घेतले, आणि त्यामुळे दुसरी बातमी पहिल्या पडद्यातून बाहेर गेली, ते मी स्वीकारले' हे वाक्य वाचले की विद्यार्थ्याने खरोखर काम केले आहे हे कळते. म्हणून प्रत्येक बदलाआधी पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवा, टाकून दिलेल्या डमीही जपा. पान अर्धे झाले की पाच जणांसमोर ठेवा. 'आवडले का' असे विचारू नका, 'आजची सर्वांत मोठी बातमी कोणती' आणि 'हे कोणासाठी आहे' एवढेच विचारा आणि गप्प बसून ऐका. वापरातल्या बहुतेक अडचणी पाच जणांतच दिसून येतात, हे नील्सन यांनी २००० साली मांडले होते आणि माझा अनुभवही तसाच आहे.

तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. पहिले चार दिवस मथळे आणि डमी यांना द्या, पुढचे पाच दिवस दोन्ही पानांना, आणि त्यानंतर तुमचे तिन्ही लोगो काळ्या रंगात, फोनच्या पानाच्या माथ्यावर एकामागून एक ठेवून पाहा. मुख्य मथळ्याशी झगडा न करता जो तिथे बसेल तो ठेवा, आणि उरलेले दोन का बसले नाहीत हे अहवालात चित्रांसह लिहा. म्हणजे ते तीन आठवडेही तुमच्या कामात जमा होतील.